गोमादादाचं नाक

सकाळी चुली पेटल्या की गोमादादा दारोदार धूर हुंगत फिरतो. वन समितीचा राखणदार ना तो! रोह्याजवळचा आमचा डोंगर गावाच्या ताब्यात आला, कुऱ्हाडबंदी झाली, आणि यानं अख्ख्या वाडीला चोर ठरवून टाकलं.

"काय गो, ऐनाचं लाकूड जाळतेस?"

"गवरी हाय, दादा."

"गवरीच्या खाली काय हाय?"

अस्सा राग यायचा! पण हा वाकून चुलीत बघितल्याशिवाय हलायचा नाय. सख्ख्या भावानं भाताचा राब भाजायला ऐनाचे टहाळे तोडले, तर त्यालाही समितीपुढं उभा केला. भाऊ बोलायचा बंद झाला. "नाय बोलला तर नाय," गोमादादा म्हणाला, "टहाळं तरी वाचलं."

आणि एक दिवस त्याच्याच घरामागं सापडली ऐनाच्या ओंडक्यांची रास! ताडपत्रीखाली, छपरापर्यंत. झालं! कुंपणानंच शेत खाल्लं. आम्ही बाया भांडायला गेलो, मी सगळ्यांत पुढं.

"पडलेलं हाय. समितीला ठाव हाय," तो म्हणाला.

"मग जाळत का नाय? इकतोस व्हय रोह्याला?"

त्यानं ताडपत्री नीट खोचली नि आत गेला. माझी तर खात्रीच पटली. येत्या ग्रामसभेत त्याला काढायचं ठरलं.

सभेआधीच भर आषाढात माझी सासू गेली. डोंगर चिंब, ओढ्याला पूर, लाकडांचा टेंपो येईना. सरण रचायचं कशाचं? आम्ही रडायचं सोडून लाकडांच्या घोरात. तेवढ्यात अंगणात गोमादादा, डोक्यावर इरलं, खांद्यावर कोरडाठाक ओंडका. मागं तो अबोल भाऊ, दुसरा ओंडका घेऊन.

भाऊच मला हळू म्हणाला, "वयनी गेली तवा डोंगर बोडका व्हता. रोह्यावरनं लाकूड आणलं, ते भिजलेलं. राकेल वतलं, टायर टाकलं, तरी पेटंना. दादा दिवसभर फुंकत बसलेला. तवापास्नं पडलेलं ऐन गोळा करतोय. पण तुमच्या मरणाची लाकडं म्हणून सांगायचं कुणाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडळी नदीवरच्या मसणातून परतली. गोमादादा ओट्याखाली निथळत उभा राहिला. मला विचारवेना, तरी विचारलं, "पेटलं, दादा?"

त्यानं सवयीनं नाक वर केलं. नदीकडून धूर येत होता.

"ऐनच हाय गो," तो म्हणाला. "म्हातारीला तरास नाय झाला."