एका घंटीचा तंटा आणि लाल गाडीची टेकडीवरील स्वारी

वाचणारांनी दांडी घट्ट धरून स्थिर चित्ते श्रवण करावे ऐसे जे, सात नंबर मार्गावरील लाल, लांबनाकी, एकमजली बस दहा वर्षे आगाराच्या कोपऱ्यात जतन होती, आणि आगारप्रमुखसाहेबांचे मनी आले की ती उपनगरात पुनश्च दौडवावी, मग हुकूम सुटला: रविवारी दुपारी बाराच्या आत टेकडीवरील अखेरचा थांबा सर केल्यास दर रविवारी स्वारी निघेल, न केल्यास गाडी संग्रहालयी कायमची नजरकैद होईल.

तिचे गिअर नव्या शिलेदारांस दाद देईनात, म्हणोन निवृत्त चालकबाबांस पाचारण जाहले. बाबांचा जीव गाडीत अडकलेला. घरी खुर्चीवर बसले तरी डावा पाय क्लच दाबी. परंतु वाहकीवर त्यांचे जुने जोडीदार, खासे साडू, वाहकपंत नेमिले, आणि तेथेच पेच पडला.

सबब, एकोणीस वर्षांमागे बाजार थांब्यावर पंतांचे कुटुंब, म्हणजे बाबांच्या पत्नीची थोरली बहीण, दोन पिशव्यांनिशी चढत असता गाडी सुटली, आणि एक पिशवी गाडीत व ताईसाहेब रस्त्यावर ऐसी वाटणी जाहली. पंत म्हणत, आपण थांबण्याची एक घंटी दिली. बाबा म्हणत, निघण्याच्या दोन वाजल्या. मग अबोला पडला. पुढे नऊ वर्षे दोघांनी तीच गाडी हाकिली, परंतु कुल कारभार घंटीच्या दोरीवरून, आणि घरच्या लग्नातही एकमेकांकडे पाठ.

रविवारी कूच जाहले. एक घंटी, थांबले. दोन घंट्या, निघाले. ऐसे बारा थांबे घेतले. टेकडीच्या पायथ्याशी पोराबाळांची बहुत फौज चढली, आणि पंतांनी हर्षभरे दोरी ओढिली ती तुटून हाती आली. बारास आठ मिनिटे कमी. पंतांनी पत्र्यावर दोन थापा दिधल्या, तो पोरांनी चाळीस दिधल्या, मागे रिक्षांनी रणशिंगे फुंकिली, तरी बाबा ढिम्म. एका घंटीपायी घर दुरावले होते. पुन्हा अंदाजे गाडी सोडण्याची त्यांस छाती होईना, आणि वळून पुसावे तर अभिमान आडवा.

मग मागल्या बाकावरून खाशा ताईसाहेब पंतांवर कडाडल्या, "अहो, दोरी तुटलीय, जीभ नाही ना तुटली? बोला की!"

पंत कसनुसे जाहले, घसा खाकरिला, आणि एकोणीस वर्षांचा वेढा उठवून बोलले, "साडूभाऊ, काढा गाडी."

बाबांचे डोळे भरून आले, ते काच पुसण्याचे मिष करून पुसिले, आणि ताईंचा कडकडाट स्वकर्णी ऐकिला असताही विचारिते जाहले, "ताई नीट बसल्या ना?"

"बसल्यात. दोन्ही पिशव्यांसकट."

मग पहिला गिअर पडला, इंजिनाने हुंकार भरिला, आणि बारास एक मिनिट असता टेकडी सर जाहली. मोहीम फत्ते.

दर रविवारची स्वारी मंजूर होऊन आगाराने नवी दोरीही बांधिली. परंतु दोन घंट्या स्पष्ट वाजल्या तरी बाबा मागे ओरडून ताईंची खुशाली पुसतात, त्या गाडीत नसल्या तरी पुसतात, आणि पंत गुडघेदुखीपासून सविस्तर जबाब देतात. सबब वेळापत्रकात दर थांब्यास एक मिनिट वाढवून दिले असे. हे आगारप्रमुखांचे शिक्क्यानिशी दप्तरी दाखल.