विंडरबीचा विंडरबी

क्लिफर्ड विंडरबी वडिलांची राख बिस्किटांच्या डब्यात घेऊन विंडरबी गावात उतरला. वडील जन्मभर लेस्टरच्या मोज्यांच्या कारखान्यात राबले आणि भाड्याच्या खोलीत गेले. पण आडनाव सांगताना त्यांची छाती फुगायची. आपल्या नावाचं गाव आहे, मला तिथंच पुरा, एवढंच त्यांचं शेवटचं मागणं होतं.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या मिसेस फुलरनी चहा ओतला, आडनाव ऐकलं आणि बिस्किटं परत कपाटात ठेवली.

"इथं कोणी विंडरबी नाही, बाळा. कधीच नव्हतं."

बाळ बासष्ट वर्षांचं होतं. "अहो, पण गावाचंच नाव आहे ना?"

"म्हणून तर. इथं सगळेच विंडरबीचे, मग एकालाच तसं कशाला म्हणायचं? आम्ही फुलर, कूपर, राइट. जो गाव सोडून गेला, त्याला परक्या गावानं म्हटलं, हा विंडरबीचा. तुझं आडनाव म्हणजे तुम्ही इथले नाही, याचा दाखला."

आणि चर्चच्या आवारात जागा फक्त इथल्यांना.

प्रकरण संध्याकाळी पबमध्ये गेलं. सातशे वर्षांपूर्वी, आडनावं पडायच्या काळात, हे विंडरबी गाव सोडून का गेले, असा प्रश्न निघाला. कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला मत होतं. पहिल्या ग्लासाला त्यांनी मेंढ्या चोरल्या होत्या, दुसऱ्याला गिरणीवाल्याची बायको पळवली होती, तिसऱ्याला ती मेंढ्यांसकट गेली होती. म्हातारा कूपर डोळे पुसत म्हणाला, "मेंढ्या आमच्या होत्या."

इथं क्लिफर्डचा घात झाला. पायावर दुसऱ्याचा पाय पडला तरी माफी मागायची, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. तो म्हणाला, "सॉरी."

सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. सातशे वर्षांनी गुन्हा कबूल झाला होता.

कबुलीजबाबाची कदर म्हणून मोठ्या मनानं जागा मिळाली, पण आवारात नाही. गावाबाहेर, जिथे हमरस्त्याला फाटा फुटतो तिथे. क्लिफर्डनं दगड बसवला. आडनाव ठळक, बाकी बारीक.

वसंतात तो फुलं घेऊन आला, तर एक ट्रकवाला थांबून दगड वाचत होता. वाचला आणि डावीकडे वळला. आडनावाखाली कोणीतरी पांढऱ्या रंगानं बाण काढला होता.

"गावाची जुनी पाटी कधीची मोडली होती, बाळा," मागून मिसेस फुलर म्हणाल्या. हातात रंगाचा डबा होता. "शेवटी वडील गावाच्या कामी आले बघ."

क्लिफर्डनं फुलं दगडाला टेकवली, मग बाणावरून जरा बाजूला सरकवली. दिसायला हवा म्हणून.

"सॉरी," तो म्हणाला.