डुलकीची पाळी

चौथीच्या वर्गातली कौतुकाची खुर्ची ही नव्या बाईंची कल्पना. मुलांना एकमेकांच्या खोड्या तोंडपाठ होत्या, गुण मात्र कुणालाच सांगता येत नव्हते. म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीनंतर एकाने पुढे खुर्चीत बसायचे आणि बाकीच्यांनी त्याच्याबद्दल चांगले बोलायचे, असे ठरले. पहिल्या दिवशी अख्ख्या वर्गाने ओळीने "छान आहे" म्हटले आणि खुर्चीतला मुलगा कंटाळून रडवेला झाला.

"नुसतं छान म्हणायचं नाही," बाई म्हणाल्या. "त्याचं जे आवडतं, ते करून दाखवायचं."

घोटाळा झाला तो इथेच. दुसऱ्या दिवशी पाळी होती वर्गातल्या शीळवाल्याची. वर्गाने त्याचे कौतुक इतक्या मनापासून केले, की भिंतीपलीकडे पाढे घेणाऱ्या सरांच्या हातून खडू गळून पडला. सर तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेले, आणि थोड्या वेळाने नव्या बाईंना तिथे बोलावणे आले.

"तुमची नेमणूक तात्पुरती आहे, लक्षात आहे ना?" मोठ्या बाईंनी विचारले.

"हो, बाई."

"उद्या मी तुमचा तास बघायला येते. पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवायचं की नाही, ते तिथेच ठरवू."

तिसऱ्या दिवशीची दुपार स्वतःच्याच सावलीला टेकून बसली होती. खिडकीतून उतरलेले ऊन खडूच्या धुळीत सावकाश विरघळत होते. पंखा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, कुणी ऐको न ऐको, सांगत होता. आणि पाळी होती डुलकीची. हे काही तिचे हजेरीतले नाव नव्हे. पण हजेरीच्या वेळी ती जागी असल्याचे कुणाला आठवत नव्हते.

बाईंनी दाराकडे एक नजर टाकली. "आज सुंदर अक्षरवाल्याला बसवू या का?"

"नाही, बाई. पाळी चुकवायची नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"बरं. मग हिचं काय आवडतं तुम्हाला?"

"झोप," वर्ग एका सुरात म्हणाला.

"झोप सोडून?"

वर्ग विचारात बुडाला. शेवटी शीळवाला उभा राहिला. "बाई, माझं गणित चुकलं ना, की मी हिच्याकडे बघतो. ही झोपलेली असते. मग वाटतं, जाऊ दे, एवढं काही झालेलं नाही."

बाईंनी नकळत मान डोलावली. कारण अलीकडे त्या स्वतःही तेच करीत असत.

एकेक डोके बाकावर टेकले. श्वासांची एक संथ लाट भिंतींपर्यंत जाऊन परत येऊ लागली. खुर्चीतली डुलकी मात्र डोळे विस्फारून बघत राहिली. आपल्यासाठी एवढी माणसे झोपत असताना तिला झोप कुठली यायला? ती उतरली आणि बाकांमधून चवड्यांवर फिरू लागली.

"दात नको आवळूस," ती एकाच्या कानात म्हणाली. "झोपेच्या मागे लागू नकोस. ती आपणहून येते."

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. "हे काय चाललंय?"

"हळू," डुलकीने ओठांवर बोट ठेवले. "माझं कौतुक चाललंय. तुम्ही त्या मागच्या बाकावर बसा."

मोठ्या बाईंना कित्येक वर्षांत कुणी बसा म्हटले नव्हते. त्या बसल्या.

"खांदे सैल सोडा, मोठ्या बाई. इथे तुम्हाला कुणी काही विचारणार नाही."

प्रथम चष्मा उतरला, मग कपाळावरच्या आठ्या. पालकांच्या तक्रारी, गळकी छपरे, सगळे मिटत चाललेल्या पापण्यांवरून घरंगळून गेले. नव्या बाई फळ्याला पाठ लावून उभ्या होत्या. समोर त्यांचे पुढचे वर्ष मंद सुरात घोरत होते.

घंटा झाली. वर्ग डोळे चोळत उठला. मोठ्या बाईही उठल्या. बाकाच्या कडेचा वळ गालावर स्पष्ट उमटला होता.

"सगळ्यांत छान मोठ्या बाईंनी केलं," डुलकीने निकाल दिला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंचे कान लाल झाले, आणि त्या लगबगीने बाहेर पडल्या.

नव्या बाई मागोमाग व्हरांड्यात धावल्या. "माझं चुकलंच, बाई. मी त्यांना..."

"तासाचा मधला भाग माझ्या नीट लक्षात राहिला नाही," मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "आणि एका तासावरून निर्णय घेणं काही योग्य नाही. पुढचं वर्षभर बघावं लागेल."

"वर्षभर?"

"दर आठवड्याला," त्या म्हणाल्या. "आणि वेळ बदलू नका. जेवणानंतरचीच बरी आहे."