ठमीची पाळी

आमचं प्रथिन बिनचूक होतं. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेणार नव्हतो! एका रानवेलीच्या बियांतून काढलेलं, पिठासारखं पांढरं. उंदरिणींना चारलं की अंडाशयातून बीज सुटणं बंद, संप्रेरकं चिडीचूप, पिल्लांचा विषयच मिटला! संचालक त्या सकाळी निकाल बघायला येणार होते. निकाल नसेल तर प्रकल्प गुंडाळू, असं ते हसत हसत म्हणाले होते. ते हसतात तेव्हा खरंच गुंडाळतात.

न्याहारीला बसलो, तोच सहायिकेचा फोन. तिच्या आवाजाला खरं तर फोनची गरज नाही.

"सर, ठमीची पाळी याही खेपेला चुकली! आणि फुगलीय केवढी!"

उंदरांना पाळी नसते, चक्र असतं. पण आम्ही सगळे आपलं पाळीच म्हणतो.

"शाब्बास!" मी ओरडलो. "मानवलं म्हणायचं! कुणाला बोलू नकोस, मी आलोच. तिला नीट खायला घाल!"

फोन ठेवला तर समोर सासूबाई. चमचा हवेत.

"ठमी कोण?"

"ऑफिसातली." खोटं नव्हतंच.

"आणि शाब्बास कुणाला?"

"मलाच! किती महिने मेहनत घेतोय!"

सासूबाईंनी लेकीला हाक मारली. बायकोने सगळं ऐकलं आणि शांतपणे पर्स उचलली. ओरडली असती तर परवडलं असतं.

"चला. बघू तरी तुमची ठमी."

प्रयोगशाळेच्या दारात संचालकही भेटले. "घरच्यांनाही आणलंत? वा, काय आत्मविश्वास!"

मी पिंजऱ्याचं झाकण उचललं. "ही ठमी. ही तिची मैत्रीण, चिंगी."

बायको फस्सकन हसली. संसार वाचला! मी ऐटीत संचालकांकडे वळलो. "पाळी बंद, सर! प्रथिनाचा प्रताप!"

सासूबाई वाकल्या. ठमीच्या पोटाशी भुशात काहीतरी गुलाबी वळवळत होतं, शेंगदाण्याएवढं. शेजारी आणखी एक. मग तर पुडीच सांडल्यासारखी!

"जावईबापू, पाळी चुकली की पहिली शंका कसली घेतात, एवढंही शिकवलं नाही का हो कॉलेजात?"

त्यांचं निदान सकाळपासून बरोबर होतं. फक्त बाई चुकली होती.

"आणि ही 'मैत्रीण' कुणी पारखून ठेवली?" संचालकांनी विचारलं.

सहायिकेने अदबीने माझ्याकडे बघितलं.

संचालक हसले.

चिंगीला आता आम्ही चिंग्या म्हणतो. सगळं कुटुंब आमच्याच घरी असतं. ठमीला सासूबाई नीट खायला घालतात. मी मदतीला गेलो की आधी माझे हात तपासतात, पांढरी पूड तर लागलेली नाही ना म्हणून!