मुदपाकखान्यावर कुपनांची स्वारी

राज्ये तोफांनी बुडाली, फितुरीने बुडाली, ऐसे थोर लोक लिहून गेले. परंतु एक भरले-नांदते राज्य साडेतीन ओळींच्या सूचनेने बुडता बुडता कैसे राहिले, याची हकिकत कोणी लिहिली नाही, सबब ती येथे जैसी जाहली तैसी, पदरचे थोडेच मीठ घालून, नमूद केली असे. वाचणारांनी हसू आले तर हसावे. तोंडात घास असता मात्र हसू नये.

ते साली दर्यापार एक मातबर बँक बुडाली, आणि तिचा हात धरून दुसरी बुडाली, आणि मग तिसरीची आवई उठली, आणि मग देशोदेशीचे बाजार कोसळले, आणि मग देशोदेशीचे अर्थमंत्री एकमेकांस भेटावयास विमानांत बसून निघाले ते एकमेकांच्या राजधान्यांत जाऊन पोहोचले, भेट कोणाचीच नाही. अशा अवघड समयी आपल्या मुलखातील समस्त बँकांची थोरली, जी मध्यवर्ती बँक, तिजवर रयतेस धीर देण्याची जोखीम आली. सात मजली इमारत, सहाशे माणूस, लिफ्ट दोन, पैकी चालू एक.

त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, खिडकीपासून दुसऱ्या टेबलाशी, खासा मसुदेबाईंचा तळ होता. बाई टंकलेखनास म्हणून लागल्या, आणि ज्यांचे कागद टंकीत त्यांच्याच चुका दुरुस्त करता करता, जुनी पुस्तके घेऊन बसमध्ये उभ्याने वाचीत वाचीत, अर्थशास्त्र आपले आपण शिकल्या, आणि मग अशी वेळ आली की दरबारातून बाहेर पडणारा हरएक खलिता त्यांच्या हातचा. पन्नाशीस दोन वर्षे कमी. उजवा गुडघा नाराज. चष्मा कपाळी चढवून चष्मा शोधणे हा नित्याचा उद्योग. 'संकटकाळ मार्गदर्शिका' नामे तीनशे पानी ग्रंथ त्यांनीच रचिला होता, आणि तो अख्खा वाचलेले एकमेव माणूस इमारतीत त्या स्वतःच होत्या.

तळमजल्यावर मुदपाकखाना, म्हणजे उपाहारगृह. तेथील किल्लेदार मावशी. हाताखाली सहा बायका, पैकी दोघी सख्ख्या जावा, ज्या एकमेकींशी फक्त पातेल्यांच्या आवाजाने बोलत. येथील वहिवाट ऐसी की महिन्यारंभी वीस कुपनांचे बुक विकत घ्यावे, आणि एक कुपन देऊन एक जेवण उचलावे. कुपनास मुदत नव्हती. मावशींनी सतरा वर्षांपूर्वी सांगितले होते, "जेवलात नाही तर कुठे जातंय, ठेवा, पुढं जेवा", आणि तोच कायदा जाहला. म्हणोन कारकुनांच्या ड्रॉवरांत वर्षानुवर्षांची कुपने साठली, आणि मावशी रोज दोनशे पाने रांधीत, कारण रोज दोनशेच येत. सगळ्यांनी सगळी कुपने एके दिवशी आणिली तर पृथ्वीवरील कोणताही मुदपाकखाना पुरा पडणार नाही, आणि जगातील समस्त बँकाही ऐशाच चालतात, हे त्या इमारतीतील प्रत्येकाने परीक्षेत लिहून गुण मिळविले होते.

त्या वर्षी मावशींचा करार संपत होता. यंत्रपेट्यांच्या कंपनीचा एक गृहस्थ, ते कंत्राट आपणांस मिळावे म्हणोन, टाय लावून, फाइल घेऊन, हकिकतीचे दिवशी सकाळपासून जेवणाच्या दालनात बसला होता. नाणे टाकावे आणि पेटीतून थंड डबा पडावा, ऐशी त्याची विद्या. कराराचे एक कलम पोलादी होते: दुपारी दोनच्या आत खिडकी बंद पडली आणि एकही कुपन परत गेले, तर करार रद्द. निकाल त्याच दिवशी चार वाजता व्हावयाचा होता. सात बायकांची सतरा वर्षे त्या एका कलमास टांगली होती.

तो सकाळी दहाचे सुमारास तीन शेगड्यांपैकी थोरली शेगडी रुसली. मावशी चौथ्या मजल्यावर आल्या आणि पदरास हात पुशीत बोलल्या, "ताई, मेकॅनिक येतोय. रस्सा अर्धा तास उशिरा होईल, तेवढं कळवा वर." उपाहारगृह समितीच्या मानद चिटणीस मसुदेबाईच होत्या. परंतु तीन दिवस त्या दर्यापारच्या बुडालेल्या बँकांवर मसुदे लिहीत होत्या, आणि हात त्याच चालीने चालत होता. त्या हाताने लिहिले ते येणेप्रमाणे:

'उपाहारगृहाची स्थिती भक्कम असून साठा पुरेसा आहे. कुपनधारकांनी घाबरून जाऊ नये. समिती परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहे.'

रस्सा उशिरा होईल, हे लिहावयाचे राहून गेले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सूचना सातही मजल्यांवर लागली. दुसऱ्या कोणत्याही कचेरीत ती कोणी वाचलीही नसती. परंतु येथील माणसांचा पिढीजात धंदाच ऐशा सूचना लिहिण्याचा. वित्तीय स्थैर्य विभागाचे प्रमुख, ज्यांस सगळे 'स्थिरराव' म्हणत, ते फलकापुढे उभे राहिले, दोनदा वाचले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"भक्कम लिहिलंय," ते बोलले. "भक्कम आपण कधी लिहितो?"

"संपल्यावर," त्यांचा साहाय्यक बोलला.

"आणि बारीक लक्ष?"

"काहीच सुचत नसतं तेव्हा, साहेब."

मग स्थिरराव कोणास काही न बोलता, सावकाश, ज्यास घाई नाही अशा माणसासारखे टेबलाशी गेले, ड्रॉवर उघडला, एकशे बारा कुपने खिशात घातली, आणि जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत चालत गेले, आणि वळणानंतर धावले. ते धावले म्हणोन विभाग धावला, आणि विभाग धावला म्हणोन परकीय चलनवाले धावले, आणि मग सांख्यिकीवाले, जे एरवी पूर्ण आकडेवारी हाती आल्याविना जागचे हलत नसत, तेही धावले. साडेअकरास रांगेचे शेपूट तिसऱ्या मजल्यावर. कोणी घरून आणिलेला डबा कचऱ्यात ओतून रिकामा केला आणि तो घेऊन रांगेत उभा राहिला. नोटा-तपासणीच्या बाईंनी पाण्याचा जगच आणिला होता.

"रस्सा मावेल यात," त्या बोलल्या. "आणि उद्याचं कोणी बघितलंय?"

गलबला ऐकोन मसुदेबाई जिन्यात आल्या आणि पाहतात तो आपल्याच अक्षराने आपलीच फौज उठविलेली. तत्काळ मार्गदर्शिका काढिली आणि प्रकरण पहिले उघडिले. त्यात लिहिले होते की काढावयास मर्यादा घालावी. म्हणोन फर्मान सुटले: माणशी दोन कुपने. त्याबरोबर प्रत्येकाने आपापला शिपाई, साहाय्यक, आणि एकाने तर पेन्शनच्या कामास आलेला सासरा रांगेत उभा केला. प्रकरण दुसरे: खुलासा करावा. म्हणोन दुसरी सूचना लागली की पहिल्या सूचनेने चिंता करण्याचे कारण नाही. त्याबरोबर रांग पाचव्या मजल्यावर गेली. प्रकरण तिसरे: खिडकीस तात्पुरती सुट्टी द्यावी. हे घेऊन बाई मागील दाराने खुद्द मुदपाकखान्यात शिरल्या.

"मावशी, शटर पाडू या. अर्धा तासच."

मावशी मोठ्या पळीने भात हलवीत होत्या. वर न पाहता बोलल्या, "शटर पाडलं तर तो टायवाला उठून टाळ्या वाजवील. पाडायचं नाही. तुम्ही व्हा बाहेर, मला वाढायचंय."

बाई बाहेर आल्या. येथून पुढील मजकूर लिहिताना लेखणी अडखळते, तरी लिहिणे प्राप्त. बाईंच्या मनात विचार आला तो ऐसा की मावशींचे अन्न पुरले नाही तर माझ्या ड्रॉवरातील कुपनांचे काय. एकशे चाळीस होती. मुलीच्या परीक्षांच्या साली, धाकट्या दिरांच्या आजारपणात, घरून डबा आणून आणून वाचविलेली. हा विचार लबाडीचा आहे हे त्यांस ठाऊक होते. त्याजवर प्रकरण चौथे त्यांनीच लिहिले होते, शीर्षक 'घबराटीचे मानसशास्त्र', पाने एकतीस. मग बाईंचे पाय चौथ्या मजल्यावर गेले आणि पाय खाली आले, आणि बाईंस भान आले तेव्हा, चिटणीसबाई पाहणीस आल्या म्हणोन लोकांनी दिलेल्या वाटेने पुढे शिरून, पर्स छातीशी धरून त्या रांगेत उभ्या होत्या. क्रमांक त्रेचाळीस.

जिन्यात तरण्या कारकुनांनी मागे टाकिलेले स्थिरराव पुढेच उभे होते, ते वळून बोलले, "अहो, तुम्हीसुद्धा?"

"मी पाहणी करतेय," बाई बोलल्या.

"मीही," स्थिरराव बोलले, आणि दोघांनीही पुढे पाहिले.

इकडे मावशींनी जी लढाई दिली तिला जोड नाही. थोरली शेगडी बंद असता त्यांनी मुदपाकखान्याची दोन्ही कवाडे सताड उघडिली आणि पातेली रांगेस दिसतील ऐशी पुढे ओढून ठेविली. समोरच्या विमा कचेरीच्या कँटीनवाल्या मामांकडे निरोप धाडिला. मामांनी भाताची दोन पातेली परतबोलीने दिली, परंतु तारण म्हणोन मावशींचा मोठा मिक्सर ठेवून घेतला. ती पातेली मागील दाराने न आणिता दोघी जावांनी, एक कान इकडे आणि एक कान तिकडे धरून, रांगेच्या ऐन मधून, "सरका, गरम आहे" म्हणत नेली. सतरा वर्षांत दोघी प्रथमच एका पातेल्यास लागल्या. गरज पडता तत्काळ द्यावे, चोख तारणावर द्यावे, आणि देताना सर्वांस दिसावे, हेच बाईंनी मार्गदर्शिकेच्या सातव्या प्रकरणात अठ्ठावीस पानांत लिहिले होते. मावशींनी ते प्रकरण वाचले नव्हते.

आणि वाढणे ऐसे, की हात कोठेही आखडता नाही आणि घाई कोठेही नाही. प्रत्येकास विचारीत, "अंडं एक का दोन? मुलगी कशी आहे? पाव अजून घ्या, घ्या हो." स्थिररावांनी दोन कुपने दिली, दोन ताटे उचलिली, पहिले संपविले, आणि दुसऱ्यापुढे बसून राहिले, जैसा जिंकलेला गड पाहून सरदारास शिबंदीचा खर्च आठवावा. कारण पैसा काढणारास अंत नसतो, परंतु जेवणारास असतो.

तरी रांग हटेना. मग त्रेचाळिसावा क्रमांक आला.

मावशींनी वर पाहिले. पळी हातात थांबली.

"ताई," त्या हळूच बोलल्या, "तुम्ही पण?"

सगळ्या दरबाराची उत्तरे लिहिणारी बाई पर्सच्या बंदाशी चाळा करू लागली.

"ती सूचना तुम्हीच लिहिलीत ना?" मावशी बोलल्या. "मला राग नाही. फक्त एक सांगा. तुमच्याकडे पाहुणे आले, तर तुम्ही दारावर पाटी लावता का, 'स्वयंपाक भरपूर आहे, घाबरू नका' म्हणून?"

"नाही."

"मग काय करता?"

"पानं मांडते," बाई बोलल्या.

मागून कोणी ओरडले, "अहो, पुढं चला की, दोन वाजत आले!" घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटे होती. टायवाला खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता. पातेल्यात पाऊण भात, आणि जिन्यावर अद्यापि दीडशे माणूस. बाईंनी पर्समध्ये हात घातला, एकशे चाळीस कुपनांचा गठ्ठा बोटांस लागला, आणि त्यांनी तो तेथेच सोडिला, आणि पाकीट काढिले.

"मावशी, मला पुढच्या महिन्याचं नवीन बुक द्या," त्या बोलल्या. मोठ्याने बोलावयाचे होते. आवाज मध्येच चिरकला, म्हणोन पुन्हा बोलल्या, आणि तो इतका मोठा निघाला की दुसऱ्या मजल्यावर ऐकू गेला. "दोन द्या! आणि जेवायला मी उद्या येईन, आज भूक नाही."

ती शेवटची गोष्ट खोटी होती. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हते.

मग रांगेत कुजबूज चालली. मसुदेबाई बुक घेतात. आज, नवीन, एक सोडून दोन. ज्या मसुदे लिहितात त्यांस आतले ठाऊक असणारच. सांख्यिकीवाल्यांनी या आकड्यावरून तत्काळ कल काढिला. पाण्याच्या जगवाल्या बाई जग पाठीमागे लपवून म्हणाल्या, "मी आपली हात धुवायला आले होते," आणि जिना चढू लागल्या. त्यांच्यामागे दहा, आणि मग चाळीस, आणि मग ज्यांस खरोखर भूक होती तेवढेच राहिले. ते जेवले. पेन्शनवाले सासरेही जेवले आणि रस्सा तिखट आहे ऐसा शेरा देऊन गेले.

दोन वाजता घड्याळाने ठोका दिला तेव्हा खिडकी उघडी होती, पातेल्यात तीन पाने भात आणि एक अंडे शिल्लक होते, आणि पुढे कोणी नव्हते. होता एक टायवाला. सकाळपासून बसून बसून त्यास भूक लागली होती, आणि त्याजपाशी कुपन नव्हते. मावशींनी त्यासही वाढिले. रस्सा फाइलवर सांडला.

तीन वाजता गव्हर्नरसाहेबांनी रयतेस धीर द्यावयाचा होता, आणि तो मसुदा बाईंच्या टेबलावर तयार पडला होता. पहिलेच वाक्य: 'देशातील बँकांची स्थिती भक्कम असून नागरिकांनी घाबरून जाऊ नये.' बाईंनी चष्मा शोधिला, कपाळावर सापडला. मग ते वाक्य खोडिले आणि लिहिले की उद्या सर्व बँका नेहमीच्या वेळी उघडतील. ज्यास आपले पैसे हवे असतील त्यास ते खिडकीवर मिळतील. एखाद्या चांगल्या बँकेस रोकड कमी पडली तर आम्ही तारण घेऊन त्याच दिवशी देऊ, आणि किती दिली ते संध्याकाळी सांगू. साहेबांनी वाचले आणि विचारले, "एवढंच? भक्कम वगैरे नाही?"

"नाही, साहेब. पानं मांडायची फक्त."

साहेबांस अर्थ लागला नाही, परंतु साडेतीन ओळी वाचून झाल्यावर त्यांनी सही केली. दुसरे दिवशी मुलखात रांगा किती लागल्या आणि किती मोडल्या, तो मोठ्या इतिहासाचा विषय, तो मोठ्या माणसांनी लिहावा.

येथे फत्तेची नोंद. चार वाजता मावशींचा करार पुढील पाच वर्षांस कायम जाहला. शत्रूची फाइल एक, डागाळलेली, तेथेच राहिली. स्वपक्षाची हानी: पळी एक वाकली, जावांचा अबोला मोडला तो पुन्हा जुळला नाही, मिक्सर तारणातून सोडविला. स्थिररावांस तीन दिवस अपचन. सूचनाफलकाच्या चाव्या मसुदेबाईंकडून काढून मावशींस दिल्या, आणि त्यांनी लाविलेली पहिली सूचना ती ही: 'आज रस्सा उशिरा.' कोणी धावले नाही.

येणेप्रमाणे वृत्तान्त समाप्त. लिहिणारीने सर्व डोळ्यांनी पाहिले आहे, आणि चांगल्या जागेवरून पाहिले आहे. तिच्या पुढे बेचाळीस माणसे होती.