आठ मिनिटांचे प्रधान

पनवेलच्या भाजीबाजारात, भर गर्दीत, हातात मेथीची जुडी धरून एक सद्गृहस्थ हाक मारतात, "अहो डावा घोटा!" आणि मी वळून बघतो. माणसाची शोभा व्हायला आणखी काय लागतं? भाजीवाली माझ्या पायाकडे बघते आणि हे गृहस्थ शांतपणे विचारतात, "सूज उतरली का?"

हे आमच्या वरच्या मजल्यावरचे प्रधान. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, दुखणी मात्र जन्मभर राहत. मुंबईच्या एका इस्पितळात, फिजिओथेरपीच्या खात्यात त्यांची सारी नोकरी झाली. "आमच्या खात्यात दिवसाला चाळीस पाय यायचे," हे ते अशा थाटात सांगत, की जणू पाय एकेकटेच चालत यायचे. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून मी एकदा आगाऊपणा केला, तर म्हणाले, "वेळ कुठे होता? पाय येतच होते."

निवृत्त झाल्यावर पनवेलला दोन खोल्या घेतल्या आणि कुणा डॉक्टरने मोडीत काढलेलं अल्ट्रासाउंडचं मशीन आणून दुरुस्त केलं. नव्वद-एक्याण्णवचा सुमार असेल. पाय मुरगळला तर हळद-तुरटीचा लेप लावायचा, एवढंच वैद्यकशास्त्र आमच्या कॉलनीला ठाऊक होतं. तळमजल्यावरच्या लिमयेआजी वर गेल्या आणि पित्ताशयात खडा आहे का ते बघा म्हणून पलंगावर आडव्याच झाल्या. प्रधान खवळले. "आजी, हे बघायचं मशीन नाही, बरं करायचं मशीन आहे!" आजी खाली येऊन सगळ्यांना सांगत सुटल्या की बिनकामाचं आहे, काही दिसत नाही.

पण आपटा गावाकडचे कबड्डीवाले आणि न्हावा शेव्याच्या बंदरावरचे व्हॉलीबॉलवाले लंगडत लंगडत त्यांचा जिना बरोबर चढायचे. मीही त्यातलाच. बँकेने बदली करून मला इथे आणून टाकलेलं, बायको-मुलं रत्नागिरीला. संध्याकाळ खायला उठायची म्हणून वयाचा विचार न करता व्हॉलीबॉल खेळायला गेलो आणि घोटा घेऊन घरी आलो.

प्रधानांचा विधी ठरलेला असे. आधी मशीनच्या गोल दांड्याचं तोंड वर करून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकायचे. मशीन चालू केलं की थेंब थरथरत नाचायला लागत. "नाचले? मग आपण जिवंत," असं म्हणून ते जेली लावत आणि दांडा घोट्यावरून गोल गोल फिरवत. आपल्याला काही म्हणजे काही जाणवत नाही. टायमरची टिकटिक चाले, आणि तेवढ्यात ते खात्यातल्या शंभर पायांच्या हकिकती सांगत. टिंग वाजलं की हकिकत अर्धवट टाकून उठत. "आठ मिनिटं झाली. नवव्याला मी जबाबदार नाही." आपण निघालो की दारातून त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "बरा झालेला पाय परत येत नाही. यायलाही नको."

त्याच सुमारास नेरे गावाहून एक मुलगी यायला लागली. कबड्डीची चढाईवाली. गुडघा दुखावलेला आणि जिल्ह्याच्या संघाची निवड तीन आठवड्यांवर. घरी तिच्या आजीने बजावलेलं, या खेपेला नाही झाली निवड तर खेळ बास, लग्न. ती एक दिवसाआड एसटीने येई आणि माझ्या आधी तिचा नंबर असे.

"उजवा गुडघा, बसा," प्रधान म्हणत.

"काका, माजं नाव सुनंदा हाय."

"असेल, असेल. पाय सरळ करा."

एका बुधवारी मी गेलो तर ती आधीच बसलेली होती आणि प्रधान मशीनपुढे नुसते उभे. दिवा लागलेला, टायमर टिकटिकत होता. दांड्याच्या तोंडावर दोन थेंब होते, आणि ते जागचे हलत नव्हते.

"सुनंदा," ते म्हणाले. मी चमकलो. नाव माहीत होतं तर! "मशीन गेलंय. सोमवारीच गेलं होतं. तू यायच्या आधी मी थेंब टाकून बघितले, हलले नाहीत, तरी तुला बोललो नाही आणि रिकामा दांडा फिरवत बसलो. तुझा एक दिवस मी फुकट घालवला."

तिने दुखरा गुडघा हाताने चाचपून बघितला. मग म्हणाली, "मंग आता मी काय करू?"

प्रधानांनी खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट अंगात घातला आणि तिला घेऊन मुंबईला गेले, थेट आपल्या जुन्या खात्यात. निवडीपर्यंत, एक दिवसाआड, हा माणूस एसटीत उभं राहून तिच्याबरोबर जात-येत होता. तिची निवड झाली. पेढे द्यायला आली आणि गेली. मशीनचा आतला भाग परदेशातून यायचा, तो काही मिळाला नाही. बातमी पसरली आणि जिना सुनसान झाला.

मला मात्र हिशेब लागला. त्या सोमवारी, मंगळवारी माझ्यासमोर थेंब टाकलेच नव्हते, म्हणजे माझ्याही घोट्यावर रिकामाच दांडा फिरला होता की! मी तरातरा वर गेलो आणि जाब विचारला.

"तुमचा घोटा मशीन जायच्या पंधरा दिवस आधीच बरा झाला होता," प्रधान म्हणाले. "जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढता. मला आत आवाज येतो."

खरं होतं ते, आणि मलाही ते ठाऊक होतं. पण सात वाजले की पाय आपोआप वर वळायचे. खोलीत जाऊन करायचं तरी काय होतं? मी मुकाट खाली आलो. लाज वाटली, त्यांची नाही, माझी.

आठवडाभर मी वर गेलो नाही. वरून कसलाच आवाज येत नव्हता. आठव्या दिवशी सात वाजता मला ती शांतता सहन होईना. एकेक पायरी चढत गेलो. दार त्यांनीच उघडलं. नजर आधी माझ्या पायांवर गेली, मग गुडघ्यांवर, मग खांद्यांवर.

"कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही. चहा प्यायला आलो."

ते दार धरून तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत असं कुणी आलंच नसावं. मग म्हणाले, "नाव काय म्हणालात तुमचं?"

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. आत जाऊन आधण ठेवलं, आणि येता येता सवयीने त्या मेलेल्या मशीनचा टायमर फिरवला. चहा झाला, हकिकत सुरू झाली, टिंग वाजलं.

प्रधान बोलतच राहिले.