अनुमोदक : कोणी नाही

समाज टिकतो तो क्षमेवर आणि फुटतो तो जेवायला कसे बसायचे यावर, या निष्कर्षाला मी आलो आहे. एवढ्या चिंतनाला तीन वर्षे लागली. या तीन वर्षांत एका पोस्टकार्डाला उत्तर द्यायचे तेवढे राहिले.

दशलक्षण पर्व संपले की सर्वांची क्षमा मागायची आणि एकत्र जेवायचे, अशी आम्हा जैनांत रीत आहे. ही रीत बळकट करण्यासाठी शिवाजी पेठेतल्या आमच्या मंडळाने सभा घेतली. विषय एकच : पंगत की टेबल-खुर्ची? पंगतीच्या बाजूने एक्केचाळीस, खुर्चीच्या बाजूने एक्केचाळीस. मी सचिव म्हणून तटस्थ. (या वृत्तीला दुसरा शब्द आहे, तो पुढे येईल.)

उरला माझा शाळेपासूनचा मित्र अण्णाप्पा. त्याने उचगावहून येऊन ठराव मांडला : हॉल एकच, मधे पंगत, कडेने खुर्च्या; ज्याचा गुडघा जसा, तसे त्याने बसावे. ठरावाला एक अनुमोदक हवा होता. तो मी होणार, असे त्याच दिवशी सकाळी चहा पिताना ठरले होते.

अण्णाप्पाने माझ्याकडे पाहिले. ब्याऐंशी जणांनीही पाहिले. मी चष्मा पुसायला घेतला.

“काय रं मास्तर, सकाळी व्हय म्हणालतास की!”

चष्म्यावर डाग बराच होता.

“भित्रा हाईस लेका,” म्हणून तो खाली बसला. मी इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात नोंदवले : ‘अनुमोदक : कोणी नाही.’

तेव्हापासून समाजाची प्रगती दुप्पट झाली आहे. मंडळे दोन, हॉल दोन, अध्यक्ष दोन. दोन्हीकडचे भोजन एकाच दिवशी, एकाच वेळी (चुकून कोणी दोन्हीकडे जाऊन ऐक्य घडवू नये म्हणून). आचारी मात्र एकच; अख्खा समाज आता फक्त त्याच्या पातेल्यात एकत्र येतो. दोन्ही अध्यक्षांच्या भाषणांत ‘एकता’ हा शब्द सरासरी सतरा वेळा येतो. हा आकडा खात्रीचा आहे, कारण दोन्ही भाषणे मीच लिहून देतो.

‘जाणते-अजाणतेपणी कोणाचे मन दुखावले असल्यास’ हा क्षमायाचनेचा अधिकृत मजकूरही माझाच. गेल्या वर्षी तो पाठवून मी चार मिनिटांत तीनशे बारा जणांची क्षमा मागितली. त्यांतल्या दोनशे जणांना मी कधी भेटलेलोच नाही, त्यामुळे त्यांचे मन दुखावायची सोय नव्हती. पुण्यात फ्लॅट विकणाऱ्या एका अनोळखी गृहस्थाने तत्काळ क्षमा केली (आणि साइट बघायला बोलावले). अण्णाप्पा यादीत नव्हता. दोन्ही मंडळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांनी त्याला काढून टाकले आहे.

त्याचे कार्ड त्या पहिल्याच वर्षी आले होते. अधिकृत मजकूर वापरलेला नव्हता. ‘तुला चारचौघांत भित्रा म्हणालो. खरं असलं तरी चारचौघांत म्हणायचं नव्हतं. क्षमा कर.’ नाव घेऊन, कारण सांगून क्षमा मागण्याची पद्धत आमच्याकडे रूढ नाही. त्यामुळे उत्तर जमेना. अकरा मसुदे झाले. एक नऊ पानांचा होता, संदर्भसूचीसह. तो कार्डावर मावला नाही.

यंदा दोन्हीकडच्या निमंत्रणांची प्रुफे तपासत बसलो असता आमच्या सौ., पद्मावतीबाई, म्हणाल्या, “अण्णाप्पा भावजी दोन्हीकडं जात न्हाईत. वैनी गेल्यापासनं त्या दिवशीबी घरात एकटंच जेवत्यात. ठावं हाय न्हवं?”

“उत्तर लिहितोय मी त्याला.”

“तीन वरसं? अवो, एक हात वर करायचा हुता. तेवढंच लिवा की!”

प्रुफे बाजूला ठेवून मी लिहिले : ‘प्रिय अण्णाप्पा, भित्रा होतो. तुझ्या ठरावाला माझे अनुमोदन आहे. यंदा भोजनाच्या दिवशी तुझ्याकडे जेवायला येतो. माझा गुडघा गेला आहे, एक खुर्ची ठेव.’

पेठेतल्या टपालपेटीत कार्ड टाकले. पेटीपाशी दुसरे कोणीही नव्हते. त्यावरून तुम्हा सर्वांची अशी राहिलेली उत्तरे आधीच गेली असावीत, असे दिसते.